पिंपावरचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. घराचा नव्हे, विमानाचा! डाव्या पंखाच्या पोटाखाली माझी जागा आणि उजव्या पंखाखाली माझ्या जुळ्या भावाची. वारा लागला की तो तिकडून गुणगुणायचा, मी इकडून. प्रवासी ढगांचं कौतुक करायचे. पत्र्याचं कोण करणार?

विमानतळालगतच्या आमच्या दुरुस्तीच्या कारखान्यात एक चांगली रीत होती. काम अर्धं राहिलं की पत्र्याला दोन-चार स्क्रू नुसते टेकवायचे आणि लाल फीत बांधायची. फीत आहे तोवर विमान हलायचं नाही. एकदा आम्हां दोघांचं काम अर्धं असताना मोठे साहेब पाहणीला येणार होते. मुख्य मिस्त्री खेकसला, "विमानाला रिबिनी काय बांधल्यात? काढा! साहेब गेले की पुन्हा बांधू."

साहेब आले, चहा प्यायले, खूश होऊन गेले. फिती मिस्त्रीच्या खिशातच राहिल्या. पुढच्या पाळीला फीत दिसली नाही, म्हणजे काम झालं!

ढगांत माझा एक कोपरा उचलला गेला, मग सगळंच सुटलं. पडतानाची ती शांतता मला अजून ऐकू येते. एका अंगणात वाळणारी चादर चिरत मी मातीत रुतलो. चादर वाळत घालणारी बाई नुकतीच चिमटे आणायला आत गेली होती.

तिचा नवरा कोंबड्या विकायचा. कुठलीही वस्तू आधी हातावर तोलून बघणारा माणूस! "पाण्याच्या पिंपावर अगदी मापात बसतोय," तो खुशीत म्हणाला. विमानतळाचे लोक शोधत आले, तेव्हा तो पिंपासमोर आडवा उभा राहिला. "आमच्याकडे? छे! चिमणीसुद्धा पडली नाही."

"देऊन टाका हो तो," बायको म्हणाली.

"आपल्या अंगणात पडलं ते आपलं."

"उद्या अख्खं विमान पडलं, तर तेही आपलंच का?"

तिकडे 'पत्रा जुना झाला असेल' म्हणत माझ्या जागी नवा पत्रा बसवला गेला. उजवीकडे कुणी हातही लावला नाही.

रोज दुपारी माझं विमान वरून जाई आणि मी पिंपावर थरथरू लागे. बायको मला जरा सरकवून बघे, तर पाण्यावर वर्तुळं उठत. कोंबड्या गप्प होऊन वर बघत. इतर विमानांना असं होत नसे. भावाचा सूर मात्र हलणाऱ्या दातासारखा सैल होत चालला होता.

मग लेकीचा फोन आला. "बाबा, उद्या दुपारच्या विमानानं येतेय!"

बायकोनं मला पिंपावरून उचलून नवऱ्यापुढे धरलं. "हा थरथरतो, ते दुपारचंच विमान ना?" दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मला सायकलला बांधलं आणि कारखाना गाठला.

मिस्त्रीनं मला उलटसुलट केलं. "ही भोकं तर कोरी आहेत. यात स्क्रू आवळलेच नव्हते!" त्याचा हात खिशात गेला आणि तिथंच थांबला. "उजवा..." एवढंच बोलून तो धावत सुटला.

विमान तेव्हा उतरत होतं. लेक हसत बाहेर आली. बापानं तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "अहो बाबा, मोडाल मला!" तिच्यामागे, उजव्या पंखाखाली, एक काळं चौकोनी भोक होतं.

भाऊ कुठं पडला, कुणालाच ठाऊक नाही.

आता मी कारखान्याच्या भिंतीवर टांगलेला असतो, लाल फीत बांधून, नव्या कामगारांना दाखवायला. पण कधी कधी वर एकही विमान नसताना मी थरथरतो, जणू कुठूनतरी भाऊ गुणगुणतोय.

मित्रांनो, अर्धं काम पूर्ण झाल्यासारखं दिसू देऊ नका. आणि तुमच्या आळीत कुणाच्या पिंपावर अलीकडेच एखादा मापात बसणारा पत्रा आला असेल, तर तो उचलून जरा पाण्यावर वर्तुळं उठतात का बघा.