कूस बदलायची घंटी

सरिता सिस्टर वॉर्डात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. शहापुरात हायवेच्या कडेला एका धर्मादाय संस्थेचं रुग्णालय होतं. बायकांचा आणि पुरुषांचा वॉर्ड एकमेकांना लागून, मधे नुसती दाराची चौकट. दोन्हींचा गाडा सरिताच ओढायची, मदतीला गीताबाई मावशी. ही गोष्ट दोन हजार चारच्या आसपासची.

संस्थेनं तिला एकदा मुंबईला प्रशिक्षणाला धाडलं. बाकीच्यांचं प्रशिक्षण म्हणजे चहा-बिस्किटं खायची आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं. ही मात्र कान टवकारून बसली. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली, तर पाठीला जखम पडायचं बरंचसं टळतं. ठिकठिकाणच्या नर्सनी हे पेशंटवर तपासून पाहिलंय. सरिताला ते पटलं. पण परतल्यावर प्रश्न पडला, की कूस बदलणार कोण? खाटा भरलेल्या आणि हात चार. संस्थेकडे माणसं मागितली तर अध्यक्ष म्हणाले, "सेवाभाव ठेवा, सिस्टर." सेवाभावाला काही जास्तीचे हात फुटत नाहीत, पण अध्यक्षांना हे कोण सांगणार!

मग तिनंच डोकं लढवलं. आपल्याकडे पेशंट एकटा कधी येत नाही. खाटेवर एक आणि खाटेखाली चटई टाकून त्याचं एक माणूस, हे ठरलेलं. ही खाटेखालची माणसं दिवसभर नुसती बसून असायची. सरितानं त्यांना कामाला लावलं. किन्हवलीला तिच्या घरी बैल विकला, तेव्हा त्याच्या गळ्यातली पितळी घंटी सासूनं खुंटीला टांगून ठेवली होती. सासू हौसाबाई, तोंडाची गोड आणि अंगानं काटक. तिनंच ती घंटी सुनेच्या हातात दिली. "ने गो. बैल ऐकायचा, मग माणसं नाय ऐकणार व्हय?"

माणसं ऐकू लागली. वेळ झाली की सरिता दारात उभी राहून घंटी वाजवायची आणि ओरडायची, "कूस!" की खाटेखालून सगळी उठायची आणि आपापलं माणूस या अंगावरून त्या अंगावर करायची. कुणाचा हात चुकला तर सरिता जाऊन दाखवायची, आणि दाखवताना चार शब्द सुनावायची. वर्षभरात नव्या जखमा जवळजवळ थांबल्या. मुंबईच्या बाईंना हे कळलं, आणि निरोप आला, की मुरबाडला शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांतल्या नर्सचा मेळावा आहे, तिथं तुम्ही बोलायचं. सरिताच्या डोक्यात थोडी हवा गेली. आता कुणाच्या जात नाही?

त्याच सुमारास काजल आली. डोंगरातल्या पाड्यावरची, विशीबाविशीची पोर. तिचा सासरा लखमा अर्धांगवायूनं पडलेला. भावकीतल्या माणसांनी झोळी करून त्याला सडकेपर्यंत आणलं होतं. सरितानं त्याला कुशीवर केलं आणि पाठ बघून तिचं टाळकंच फिरलं. माकडहाडावर मूठ मावेल एवढी जखम.

"माणूस आहे की लाकूड?" ती भर वॉर्डात कडाडली. "कूस बदलायला हात झिजतात काय गं तुझे? ढोर बसलं तरी लोक शेपटी धरून उठवतात! लाज नाही वाटत?"

सगळा वॉर्ड उठून बघायला लागला. काजल जमिनीकडे बघत उभी राहिली. तिनं हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून घंटी वाजली की सगळ्यात आधी तीच उठायची. सरिताला वाटलं, बघा, बोलल्याचा गुण आला. गीताबाईला तर ते वाक्य एवढं आवडलं, की कुणी आळस केला की तिचं सुरू, "माणूस हाय का लाकूड?"

पावसाळा सरला आणि हौसाबाई गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिचं काळीज आधीच कमजोर, म्हणून ऑपरेशन नको, घरीच पडून राहू दे, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरिताचा नवरा साईनाथ अंबरनाथला कंपनीत. पहाटेच्या गाडीनं जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. नणंद रेश्मा टोकावड्याला दिलेली, तिच्या पदरात तान्हं पोर. राहिली सरिता. नेमकी तेव्हाच रुग्णालयाच्या ओपीडीतली सिस्टर नोकरी सोडून गेली. तिच्या जागी दुसरी काही आली नाही, आला तो सेवाभावच. सरिता डबल ड्युटी करू लागली.

सकाळी निघताना ती सासूला डाव्या कुशीवर करायची आणि पाठीशी उशी लावायची. शेजारीण दुपारी भात भरवून जायची. संध्याकाळी परत यावं तर हौसाबाई उताणी. आधी आधी सरिता रात्रीही उठायची. मग उठेनाशी झाली. भाकरी टाकता टाकता डोळा लागायचा, कधी बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून. सकाळी जाग यायची ती एसटी चुकेल या धास्तीनं.

एका संध्याकाळी घराचं दार उघडलं आणि वास आला. तो वास तिच्या रोजच्या ओळखीचा, पण घरात तो कधी आला नव्हता. तिनं सासूला कुशीवर केलं आणि लुगडं बाजूला सारलं. माकडहाडाशी मधे काळं पडलेलं आणि कडेनं पू. 

"आई, दुखत नव्हतं का हो?"

"दुखायचं गो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू दमून यायची. तुला उठवायचं माझ्या जिवावर यायचं."

जखमेला काय लागतं हे सरिताला ठाऊक होतं. सासूला उद्याच्या उद्या वॉर्डात नेलं पाहिजे, डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं पाहिजे. पण वॉर्ड म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे गीताबाई आली, खाटेखालची माणसं आली, आणि सगळ्यांच्या पुढं काजल. लोका सांगे ब्रह्मज्ञान! रविवारी तर मुरबाडचा मेळावा होता. मेळावा होऊ दे, मग नेऊ, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिनं तो हाकलून दिला नाही. पुढं आयुष्यभर तिला लाज वाटली ती त्या जखमेपेक्षा या विचाराची.

तिनं घरीच जखम धुतली, पट्टी बांधली आणि वास मरावा म्हणून उदबत्ती लावली. साईनाथनं विचारलं तर म्हणाली, "जरा सोललंय." हौसाबाई सगळं ऐकत होती.

मुरबाडला सभागृह भरलं होतं. सरितानं घंटी नेली होती. व्यासपीठावर ती वाजवून तिनं "कूस!" म्हटलं आणि सगळ्या नर्सनी टाळ्या वाजवल्या. शाल आणि नारळ देऊन तिचा सत्कार झाला. शेवटी मागच्या रांगेतून एक पोरगेली नर्स उठली. "सिस्टर, वॉर्डात ठीक आहे. पण पेशंट घरी आहे आणि घरातली सगळी माणसं कामावर जातात, तिथं काय करायचं?"

 खरं सांगायला तिला एवढी जागा आयतीच मिळाली होती. ती म्हणाली, "घरच्यांनी मनावर घेतलं की सगळं होतं."

ती पोरगी खाली बसली. पुन्हा टाळ्या झाल्या.

किन्हवलीला परतली तेव्हा हौसाबाईचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि ती विकलेल्या बैलाला हाका मारत होती. सरितानं शाल तशीच दारात टाकली, शेजाऱ्याची जीप काढायला लावली आणि सासूला शहापूरला आणलं, आपल्याच वॉर्डात. डॉक्टरांनी जखम साफ केली. म्हणाले, अजून उशीर झाला असता तर विष अंगभर पसरून हातची गेली असती. 

ताप उतरला. हौसाबाई शुद्धीवर आली तशी गीताबाईनं खाटेशी येऊन विचारलंच, "आजी, एवढी जखम झाली कुठं? सिस्टरांच्या घरात तर नाय होणार."

हौसाबाईनं सुनेकडे एकदा बघितलं. "लेकीकडं होते मी," ती म्हणाली. "टोकावड्याला. तिथं झालं."

सरिता औषधाची बाटली हलवत होती. तिनं ती आणखी जोरात हलवली. तोंड उघडायला एक क्षण होता, तो गेला, आणि मग वॉर्डभर सुरू झालं. लेक कसली, वैरीण! पोटची असून बघितलं नाय. सून बघा, एवढ्या कामातनं धावून आली. सरिताला ते शब्द नकोसे झाले, तरी त्यांच्या आडोशाला तिनं दोन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी रेश्मा आली. कडेवर पोर, हातात डबा, दोन एसट्या बदलून दमलेली. आईला पाहून तिचे डोळे भरून आले. ती खाटेशी पोचलीही नसेल, तोच गीताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तूच व्हय ती लेक? माणूस हाय का लाकूड? कूस बदलायला हात झिजतात काय गो तुझे? लाज नाय वाटत?"

शब्दन् शब्द सरिताचा होता. सगळा वॉर्ड बघायला लागला; फक्त काजल तेवढी, पुरुषांच्या वॉर्डात अजून पडून असलेल्या लखमाच्या उशापासून उठून, दाराच्या चौकटीत मान खाली घालून उभी राहिली. रेश्माला काही उमजेना. आई गेल्या दिवाळीपासून तिच्या घरी आलीच नव्हती. तिनं आईकडे बघितलं. हौसाबाईनं डोळे मिटून घेतले आणि लेकीचा हात दाबून धरला. मग रेश्मानं वहिनीकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.  तिनं डबा खाटेखाली सारला आणि रडणाऱ्या पोराला थोपटत राहिली.

सरिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गीताबाई, गप्प बसा!" ती म्हणाली. एरवी छपरापर्यंत जाणारा तिचा आवाज आज घोगरा झाला होता. "हिनं काही केलेलं नाही. आई माझ्याकडेच होत्या, किन्हवलीला. ही जखम माझ्या घरची आहे. मी कूस बदलली नाही. मी दडवून ठेवलं."

 सरिता वाट बघत राहिली, की आता कुणीतरी बोलेल, काय बोलायचं ते बोलून घेईल, आणि ती मान खाली घालून ऐकेल.

"सिस्टर, तुमी पण ना!" गीताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "नणंदेचं पाप पदरात घेता? केवढं मोठं मन!"

"अहो, खरं सांगतेय मी—"

"तिचं नका ऐकू," हौसाबाई खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाली. "सून माझी देव हाय."

खाटेखालच्या बायका माना डोलवायला लागल्या. एकीनं तर हात जोडले. सरिता एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. काजलला तिनं दोषी म्हटलं, तेव्हा सगळ्यांनी ते जागच्या जागी खरं मानलं होतं, कुणी पुरावा मागितला नव्हता. आज ती स्वतःला दोषी म्हणत होती तर कुणाला पटत नव्हतं. पाड्यावरच्या पोरीच्या अंगाला जे पटकन चिकटलं, ते सिस्टरच्या पांढऱ्या साडीला लावून घेतलं तरी लागत नव्हतं.

रेश्मानं पोराला कडेवर घेतलं. दारातून जाताना ती हळूच म्हणाली, "वयनी, आयसाठी मी खाऊन घेन बोलणी. पण तुमी दोन दिस कशा गप ऱ्हायल्या?"

 रेश्मा गेली.

कुशीची वेळ होऊन गेली होती. घंटी वाजली नाही म्हणून कुणी उठलं नव्हतं. फक्त काजल लखमाला कुशीवर करून इकडे आली. तिनं हौसाबाईच्या खांद्याखाली हात घातला आणि सरिता दुसऱ्या बाजूनं कधी लागते याची वाट बघत थांबली. दोघींनी मिळून म्हातारीला वळवलं. काजलनं उशी नीट लावली, हलक्या हातानं, जखमेला धक्का न लावता.

"बाय," ती पुटपुटली, "मला खरं वाटतं तुमचं."

सरितानं वर बघितलं.

"मी वीटभट्टीवर जायची. दिवसभर विटा थापायच्या. घरी आली का पडायची ती सकालीच जाग. सासरा हाक मारायचा, पन मला ऐकूच येयाची नाय." काजलनं पदरानं हात पुसले. "तुमचं पन तसंच झालं आसंल."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस गं?" सरिता म्हणाली. "मी एवढं टाकून बोलले तुला, सगळ्यांदेखत. एका शब्दानं सांगायचंस."

काजलनं जरा नवल वाटल्यासारखं तिच्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"तुमी इचारलं कुठं, बाय?"