बापाकडचा अर्धा

संघप्रियाबाईंची मैत्री भावना रोज पहाटे व्हायची, आणि रोज एका माणसाला वगळून व्हायची. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, मग डोळे मिटून साऱ्या जिवांचं मंगल चिंतायचं. शेजाऱ्यांचं, शाळेतल्या लेकरांचं, रानातल्या वाघाचं आणि त्यानं नेलेल्या गुराख्याच्या घरच्यांचंही. वाघापर्यंत त्यांचं मन सहज जायचं. ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरात दुसरीसोबत राहणाऱ्या राजदीपपाशी मात्र ते अडायचं, आणि बाई त्याच्या बाजूनं हलकेच निघून जायच्या.

नवऱ्यानं गडचिरोलीचं घर सोडलं तेव्हा दिव्यानी तिसरीत होती. बाईंनी त्याला कधी शिवी दिली नाही. शिवी देणं शीलात बसत नव्हतं. वंदना झाली की लेकीची वेणी घालताना त्या एवढंच म्हणायच्या, "आपल्यात त्याचं काहीच नको, बेटा." इतकं हळू, की ऐकणाऱ्याला ती माया वाटावी.

दिव्यानी कॉलेजात गेली आणि तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आईबाप दोघांचंही अर्धं अर्धं जुळतं, कोणाच्याही पेशी देऊन बघता येतील. राजदीपला कुठून तरी कळलं होतं. तो शर्टाची बाही वर करूनच आला. बाईंनी त्याला दवाखान्याच्या फाटकातूनच परत पाठवलं. "माझी लेक आहे. मी पुरते तिला."

आणि पुरल्याही. त्यांच्या पेशी लेकीच्या हाडांत रुजल्या, रिपोर्ट चांगले आले, सगळा मोहल्ला म्हणाला, आईची पुण्याई. ते शब्द बाईंना गोड लागले.

पळस फुलला आणि रोग परतला.

डॉक्टर मॅडमनी कागदावर दोन रंगांच्या दोन पट्ट्या काढल्या. "पेशीच्या अंगावर एक ओळखीची खूण असते. अर्धी आईकडून आलेली, अर्धी बापाकडून. तुमच्या पेशी हिच्या अंगात पहारा देत होत्या ना, त्या बापाकडच्या अर्ध्यावरून कॅन्सरची पेशी ओळखायच्या आणि मारायच्या. तेवढाच अर्धा त्यांना परका."

"आणि आता?"

"कॅन्सरच्या पेशींच्या जनुकांत बदल झालाय. बापाकडचा अर्धा त्यांनी टाकून दिला, आणि त्या जागी तुमच्याच अर्ध्याची दुसरी प्रत लावली. दोन्ही अर्धे आईचे. तुमचे पहारेकरी बघतात आणि घरचंच माणूस म्हणून सोडून देतात."

"मुद्दाम करतात?"

"नाही हो, पेशीला मन कुठलं? एखादीत अशी चूक आपोआप होते. बाकीच्या मरतात, ती वाचते, मग तिचंच पीक येतं."

बाई शाळामास्तरीण होत्या, त्यांना समजलं. समजायला नको होतं तेही समजलं. मन नसलेल्या पेशीनं त्यांचं इतक्या वर्षांचं म्हणणं जसंच्या तसं पाळलं होतं.

"औषधांनी रोग दाबू," मॅडम म्हणाल्या, "पण मग पुन्हा कोणाच्या तरी पेशी लागतील. या वेळी बापाच्या. त्यांना तुमचा अर्धा परका दिसेल."

"म्हणजे माझीच खूण शोधून मारतील."

"हो. तसंच म्हणा."

बाई ऊर्जानगरला गेल्या. दार रिनानं उघडलं. जिच्यासाठी घर मोडलं ती हीच, अंगावर साधा गाऊन, हाताला कणीक. राजदीप नुकताच ड्यूटीवरून आला होता. बाईंनी उभ्या उभ्याच सारं सांगितलं.

"शेवटी येनं पडलंच तुले," तो म्हणाला.

"हो."

"फाटकातून हाकललं होतं मले. कुत्र्यावानी."

"हो."

"बापाचं सारंच फेकून देलं त्या बिमारीनं? अन् आता बापच पाह्यजे?" तो हसला, पण हसू मधेच मोडलं. "कधी येऊ?"

तो सुनावेल, अट घालेल, आपल्या तिरस्काराला थोडी तरी जागा ठेवेल असं बाईंना वाटलं होतं. त्यानं तीही ठेवली नाही. रिना म्हणाली, "बाई, चहा त घ्या." चहा गोड होता. बाईंनी तो काढ्यासारखा संपवला.

घरी दिव्यानीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको."

"बेटा, दुसरा उपाय नाई."

"मी सज्ञान आहो. सही माही लागते. मले त्याचं काहीच नको." डोक्यावरचा रुमाल तिनं सारखा केला. "तोंड काऊन उतरलं तुह्यं? तुह्यंच बोलनं होय हे. वेनी गेली, बोलनं राह्यलं."

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसं? मी त अजून त्याचंच नाक घेऊन फिरून राह्यली. मले नाई फेकता आलं. त्या पेशींनी फेकलं. माह्यापेक्षा गुनी लेकरं निघाली तुही."

रविवारी राजदीप आला. दिव्यानीनं भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांजेची मेणबत्ती लावून वंदनेला बसल्या. या वेळी मैत्री भावना त्यांनी मोठ्यानं म्हटली. शेजारी झाले, शाळा झाली, वाघ झाला. मग रोजची अडायची जागा आली. तरी त्या म्हणाल्या, "राजदीपचं मंगल होवो."

दिव्यानी वळली. "मनातून म्हटलं?"

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाई म्हणाल्या, "नाई."

"मले मालूम आहे," राजदीप खुर्चीतून म्हणाला.

"मंग म्हटलं कायले?" दिव्यानीनं आईला विचारलं.

"तू जगावी म्हनून."

दिव्यानीनं दोघांकडे पाहिलं. आईबापाकडे पाहावं तसं नाही, बाजारात दोन परक्या माणसांकडे पाहावं तसं. "ठीक आहे," ती म्हणाली. "मीबी मनातून नाई घेत. पन घेतो. कधी जाचं नागपूरले?"

राजदीपनं बाही वर केली, आजच सुई टोचायची असल्यासारखी, आणि मग ओशाळून खाली घेतली.

दुसऱ्या पहाटे बाई मूर्तीपुढे बसल्या. कोणाही जिवाला मारणार नाही, हे पहिलं शील त्यांनी रोजच्यासारखं म्हटलं. राजदीपचं नाव घेतलं. ते आजही जिभेवर तसंच कडू. ते गिळून त्यांनी हात जोडले आणि मागितलं, की त्याच्या रक्ताची नजर धारदार असो, आणि लेकीच्या अंगात माझ्या तोंडवळ्याचं जे काही लपून बसलं असेल, त्यातलं एकही त्याच्या हातून जिवंत सुटू नये.