जंगलसाहेबाची रबरी विजार

आमच्या घरात माणसं दोन, आणि आढ्याला टांगलेली ती तिसरी. जंगलसाहेबाची रबरी विजार! छातीपर्यंत उंच, खाली बूट जोडलेले. ती घालून साहेब तापीत मासे धरायला उतरायचा. माझे यजमान हिंमतराव जंगलखात्यात त्याचे पट्टेवाले, म्हणून तिची बडदास्त आमच्याकडे. सावलीत उलटी टांगायची, ऊन दाखवायचं नाही, तेलाचा थेंब लावायचा नाही. एवढं सोवळं माझ्या सासूनेही पाळलं नव्हतं.

त्यात ती गळू लागली. डाव्या पायात पाणी शिरायचं. आत रबर, वर खाकी कापड. पाणी भरून टांगली की सगळंच कापड ओलं व्हायचं, भोक काही दिसेना. साहेबाने बजावलं, "येत्या रविवारी पाय भिजला, तर पट्टा काढून ठेव." बारा वर्षांची नोकरी एका भोकावर आली! माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

शुक्रवारी अवकाळी पाऊस आला. अंगणात माझी मिरची पसरलेली, आणि एक पोतं जागेवर सापडेल तर शपथ! आढ्याकडे बघितलं. पाण्यासाठीच केलेली वस्तू ना ती? भरली मिरची दोन्ही पायांत, गळ्यापर्यंत.

हिंमतराव आले आणि विजारीतली मिरची बघून ओरडले. "हाई काय कयं तू? मन्ही नोकरी गयी!"

"मंग मन्ही मिरची सडू देऊ का?"

रागारागाने त्यांनी मिरची उपसली आणि धुवायला घागरभर पाणी आत ओतलं. थोड्या वेळाने डाव्या टाचेच्या वर, शिवणीपाशी, खाकीवर लाल टिपका उमटला. वाढतच गेला. भोक सापडलं! सायकलवाल्याकडून लगेच ठिगळ मारून आणलं. मग विजार चार वेळा धुतली. तिखट नुसत्या पाण्याने जात नाही, तेल लागतं, हे मी सांगत होते. पण तेलाची बंदी!

रविवारी तापीकाठच्या प्रकाश्याला मीही गेले, पट्टा राहतो की जातो ते बघायला. साहेब पाण्यात उतरला. "पाय कोरडा!" म्हणून खूश झाला. जरा वेळाने आत घाम फुटून तिखट जागं झालं असावं. नाचतच काठावर आला, विजार भिरकावली आणि चड्डीवर तापीत कमरेपर्यंत जाऊन बसला.

"हे कोणी केलं?"

साहेबापुढे कधी मान वर न करणारे हिंमतराव म्हणाले, "गळती माझ्या बायकोने शोधली, साहेब."

साहेब कण्हत म्हणाला, "मग तिला विचार, या आगीवर काय लावतात!"

मी काठावरूनच ओरडले, "तेल!"

पट्टा राहिला. विजार पुन्हा आढ्याला आली.