तेल सोडलं का?

मी एक जुना लाकडी कंगवा आहे, आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, तुमच्यावरसुद्धा नाही. एवढी शहाणी मुलं एका कंगव्याची गोष्ट ऐकायला का बसली असतील, अशी शंका मला आत्ताही येते आहे. राग मानू नका. ज्याला रोज उठून माणसांच्या डोक्यात शिरावं लागतं, तो संशयी झाला तर नवल नाही.

एका सुताराने मोडक्या खुर्चीच्या पाठीतून मला कापून काढलं. करवतीने माझे दात एकेक करून पाडले, पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केले आणि शेवटी मला वाटीभर तेलात बुडवून ठेवलं. "लाकूड कोरडं राहिलं की तडकतं. याला तेल पाजलं पाहिजे," असं तो म्हणाला होता. मी ते तेल गटागटा प्यायलो. त्या दिवशी एक गोष्ट मला पक्की कळली. जे कोरडं असतं ते तेल पितं. जे आधीच तेलकट असतं ते पीत नाही, तेल नुसतं वर धरून बसतं. हे माझं सगळं शिक्षण. पुढे तेच उपयोगी पडायला हवं होतं, पण मला दात असले तरी तोंड नाही.

मला विकत घेतलं ते एका इस्त्रीवाल्या बाईने. तिचं दुकान खाली होतं आणि राहायच्या दोन खोल्या वर. दुकानातली वाफ जिन्यातून वर यायची आणि मोरीशेजारच्या आरशावर धुकं धरायची. त्या आरशाखालच्या फळीवर माझी जागा. घरात तिची एकुलती एक मुलगी होती. लहानपणी तिचे केस सदा चेहऱ्यावर पसरलेले असायचे म्हणून तिला सगळे झिपरी म्हणत. तिचे बाबा बोटीवर कामाला होते आणि वर्षाकाठी एकदा घरी यायचे. आले की बॅग खाली ठेवायच्या आधी तिची वेणी वितीने मोजायचे. "पुढच्या खेपेला कमरेपर्यंत पोचली पाहिजे हं," असं ते म्हणाले होते आणि झिपरीने मान डोलावून वचन दिलं होतं. ते वचन तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

घरातली तिसरी बाई म्हणजे झिपरीची मावशी, इस्त्रीवालीची थोरली बहीण. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. तिच्या घरात तिचं म्हणावं असं कोणी उरलं नाही, तेव्हा ती एक बोचकं घेऊन इथे आली आणि इथलीच झाली. आई संध्याकाळपर्यंत इस्त्रीपुढे उभी असायची. मावशीची पाळी मात्र पहाटे सुरू होऊन दुपारी संपायची, त्यामुळे शाळेतून आलेल्या झिपरीची वेणीफणी तिच्याकडे होती. ती खाटेवर बसायची, झिपरीला पुढ्यात घ्यायची आणि मला हातात. दिवसभरात मावशीच्या चेहऱ्यावर हसू यायचं ते त्याच वेळी. माझी बरीच वर्षं अशी सुखाची गेली, हे माझ्यासारख्यालाही कबूल करावं लागेल.

फळीवर माझ्या शेजारी तेलाची बाटली असायची. तिच्यावर माझा पहिल्यापासून संशय. केस वाढले की घरात सगळ्या म्हणायच्या, "तेल मानवलं हो!" केसांत गुंता झाला की मात्र शिव्या मला. बाटली गप्प उभी राहून कौतुक ऐकायची. कौतुक ऐकताना जी गप्प राहते तिच्यापासून जपून असावं, असं माझं मत आहे.

मग एका थंडीत झिपरीच्या काळ्या स्वेटरच्या खांद्यांवर पांढरा भुगा दिसू लागला. तिचं डोकं खाजायचं. शाळेत बाकावरच्या मैत्रिणीने दोघींच्या मध्ये दप्तर ठेवायला सुरुवात केली. झिपरीने ते घरी येऊन मावशीला सांगितलं आणि मावशीने लगेच निदान केलं.

"डोकं कोरडं पडलंय गं बाई तुझं! तेल वाढवायला पाहिजे."

आठवड्याला एकदा लावायचं तेल मावशी रोज लावू लागली. कोंडा हटेना, उलट वाढला. मला तर तो अगदी जवळून दिसत होता. तो कोरडा नव्हता. पिवळट, चिकट होता आणि माझ्या दातांच्या मुळाशी घट्ट बसत होता. कोरडा असता तर फुंकरीने उडाला असता. मला बोलता आलं असतं तर मी दातांच्या कण्या केल्या असत्या, पण माझं ऐकतो कोण?

शेवटी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. त्या दिवशी दुकानात चादरींचा ढीग पडला होता, म्हणून आई राहिली आणि मावशी झिपरीला घेऊन गेली. मीही तिच्या पिशवीत होतो. बाहेर बाकं भरून माणसं बसली होती आणि डॉक्टरीणबाई घाईत होत्या. त्यांनी झिपरीचे केस बाजूला करून पाहिलं. मग मला दोन बोटांत धरून उचललं. इतकं परकं मला कोणी धरलं नव्हतं.

"हा कंगवा कोण वापरतं?"

"आम्ही तिघी," मावशी म्हणाली.

"प्रत्येकीचा वेगळा ठेवा. कोंडा आहे, घाबरण्यासारखं काही नाही. तेल सोडा. हा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस थोडा वेळ डोक्यावर राहू द्या, मग धुवा. महिन्याभराने दाखवा."

झालं. पुढच्या पेशंटला हाक गेली. डॉक्टरीणबाईंचा सूर मी ऐकला होता आणि तो तेल टाकून देण्याचा होता. पण मित्रांनो, मावशीचं सगळं आयुष्य कढईपुढे गेलेलं. तिच्या कानाला 'तेल सोडा' म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती. तव्याच्या कडेकडेने, बारीक धारेने सोडतात तसं सोडायचं. जिना उतरताना ती झिपरीला म्हणालीसुद्धा, "बघ, 'लावा' नाही म्हणाल्या, 'सोडा' म्हणाल्या. आपण चोळत होतो, तिथंच चुकत होतं!"

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाल्या गं, ताई?"

"शाम्पू दिलाय. आणि तेल सोडायला सांगितलंय. ते माझ्याकडे लागलं, तू नको काळजी करूस."

"सुटले बाई!" आई म्हणाली. "मला वाटतच होतं."

दोघी समाधानाने चहा प्यायल्या. आईच्या मते तेल त्या दिवशी संपलं होतं. मावशीच्या मते ते आता कुठे नीट सुरू झालं होतं.

तेव्हापासून मी एकट्या झिपरीचा झालो. त्या दोघींनी प्लॅस्टिकचे कंगवे आणले. ते माझ्याकडे बघून काय कुजबुजत असतील याचा मला अंदाज आहे. रोज दुपारी मावशी भांग पाडायची आणि बाटली तिरकी करून टाळूवर धार सोडायची. बोट लावायची नाही. शाम्पूने आठवड्यातून दोनदा डोकं धुतलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धार. कोंडा तिथेच मुक्काम ठोकून बसला.

संशयाला सुरुवात झाली ती इस्त्रीपासून. आई घरच्या उशांचे अभ्रे इस्त्री करत होती. झिपरीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरली आणि जळक्या तेलाचा वास सुटला. आईने अभ्रा उजेडात धरला. मधोमध ताटलीएवढा डाग होता. ती तशीच वर आली, झिपरीचं डोकं हुंगलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"झिपरे, चोरून तेल लावतेस?"

"नाही गं आई," झिपरी म्हणाली. "लावत नाही. तेल सोडलंय आम्ही."

"मग हा डाग कुठून आला?"

"मला काय माहीत?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. तेल लावत कोणी नव्हतंच. पण आईला ते कसं कळणार? तिने बहिणीला विचारलं, "ताई, तेल सोडलं होतं ना गं?"

"सोडलं की!" मावशीला राग आला. "एक काम अंगावर घेतलं तर तेही मी विसरेन, असं वाटतं का तुला?"

त्यानंतर घरात कोणाचाच कोणावर भरवसा राहिला नाही. आईला वाटायचं पोरगी खोटारडी झाली. मावशीला वाटायचं दुकानातल्या वाफेने पोरीचं डोकं बिघडतंय आणि धाकटी ते मान्य करत नाही. मग तो शाम्पूच नकली असेल, असं दोघींना वाटलं. झिपरीला आपल्यातच काहीतरी खोट आहे असं वाटायला लागलं आणि तिने आरशात बघणं सोडलं. मला याचं फार वाईट वाटलं. एवढा संशय घ्यायला घरात मी एकटा पुरेसा होतो.

बाबांचा फोन आला की ते येणार आहेत, आणि त्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंनी झिपरीला कोपऱ्यातल्या बाकावर एकटीला बसवलं. आईचा धीर सुटला. त्या दुपारी तिने दुकानाला कुलूप घातलं आणि धागे कापायची मोठी कात्री घेऊन ती वर आली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिने झिपरीला स्टुलावर बसवलं.

"मुळापासून काढू म्हणजे डोक्याला हवा लागेल. आणि हा कंगवाही टाकून देऊ. यातूनच येत असेल सगळं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पण खरं सांगतो, तेव्हा मला माझं काही वाटलं नाही. आई मला हातात घेऊन वेणी उलगडत होती आणि झिपरी रडतही नव्हती. "बाबांना काय सांगू?" एवढंच तिने विचारलं. आईने मला बाजूला ठेवलं आणि कात्री हातात घेतली.

तेवढ्यात मावशी कँटीनमधून आली. दारातच तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"थांब! वेणीच्या केसालाही धक्का लावशील तर बघ! महिना तरी होऊ दे. मी रोज तेल सोडतेय ना!"

आईने वर पाहिलं. "रोज?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"अगं, रोज कसं सोडतात? सोडलं की सोडलं!"

"एकदा सोडून काय होणार? तवा तरी एकदा तेल सोडून दिवसभर चालतो का?"

मग झिपरीनेच तोंड उघडलं. "आई, सोडायचं म्हणजे असं." तिने बाटली उचलली आणि हवेतच टाळूवर तिरकी करून दाखवली.

आईच्या हातून कात्री निसटून वर्तमानपत्रावर पडली. ती आधी हसली. इतकी हसली की भिंतीला टेकली. मावशी मात्र हसली नाही. तिने झिपरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. "माझ्याच हाताने केलं गं मी, माझ्याच हाताने!" आईचं हसू विरलं. ती खाली बसली, एक हात बहिणीच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्याने लेकीला जवळ ओढलं. "खोटारडी म्हणाले तुला," असं ती परत परत म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी तिघी मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. या वेळी बाई खुर्ची ओढून नीट बसल्या. त्यांनी समजावून सांगितलं की चिकट कोंडा असलेल्या टाळूला तेल घातलं की तो कमी होत नाही, जोर धरतो. कोंडा जाईपर्यंत तेल पूर्ण बंद. पुढे केस कोरडे वाटलेच, तर धुण्याआधी टोकांना थोडं, आठवड्यातून एकदा फार झालं.

"बंद म्हणजे," मावशीने सावधपणे विचारलं, "बाटलीचं झाकण बंद ना?"

"हो. आणि बाटली कपाटात."

बाटली कपाटात गेली. मी आनंदाने नाचायला हवं होतं, पण मला वेगळीच धास्ती वाटत होती. दुसऱ्या दिवसापासून मावशी दुपारी खाटेवर रिकाम्या हातांनी बसू लागली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. आपल्या हाताला आता इथे काम नाही, असं तिला वाटत असणार. मी फळीवर पडून राहिलो.

एके दिवशी झिपरी शाळेतून आली, मला उचललं आणि सरळ मावशीच्या पुढ्यात जाऊन बसली. "तेल नको. नुसतं विंचर ना, मावशी." मावशीने मला हातात घेतलं. तिचा हात आधी कचरत होता. मग तो नेहमीसारखा, मुळापासून टोकापर्यंत फिरू लागला.

कोंडा हळूहळू ओसरला. बाकावरचं दप्तर कधी खाली गेलं ते झिपरीच्याही लक्षात आलं नाही. बाबा आले, त्यांनी बॅग हातात धरूनच वीत लावली. वेणी कमरेपर्यंत पोचायला चार बोटं कमी पडली. "चालतंय," ते म्हणाले.

मित्रांनो, तेल वाईट नाही. पण बाटली तिरकी करण्याआधी डोकं नीट बघा, ते तेल मागतंय का ते पाहा. आणि कोणी काही सांगितलं, तर एकदा विचारून घ्या, "म्हणजे नक्की काय करायचं?" असं विचारल्याने कोणी लहान होत नाही.

एवढं सगळं झाल्यावर तेल मिळेनासं होऊन मीच कोरडा पडत गेलो. माझ्या पाठीला बारीक तडा गेला. तो परवा मावशीला दिसला. तिने कपाट उघडलं, बाटली काढली आणि माझ्यावर एक थेंब टाकून बोटाने हळूच चोळला. जिन्यातून आईचा आवाज आला, "ताई, तेलाचा वास येतोय! तेल सोडलंय ना?"

"सोडलंय गं," मावशी म्हणाली आणि मला पदराने पुसत म्हणाली, "हे लावलंय."