रंगाखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना, बुटका, जपानी ट्रॅक्टर आहे. ‘आहे’ म्हणायचीही आता चोरी, कारण उद्या सकाळी माझे तुकडे होणार आहेत. म्हणून आजच बोलून घेतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या चिमुकल्या शेतांत चिखल तुडवून मी जुना झालो आणि माझ्यासारख्याच इतरांबरोबर जहाजातून इकडे आलो. बंदराजवळच्या एका गोदामात आम्हाला ठाकठीक करून विकत. माझं बॉनेट चेपलं होतं, म्हणून त्यांनी भलत्याच ट्रॅक्टरचं बॉनेट माझ्यावर बसवलं. त्यावर नाव त्याचं, मॉडेलचा नंबरही त्याचाच! माझा खरा नंबर गिअरबॉक्सच्या लोखंडावर कोरलेला होता. पण तिथे वाकून बघतो कोण?

मला बागवाल्या काकांनी विकत घेतलं. त्यांच्या बागेत झाडांच्या ओळी इतक्या जवळ, की मोठा ट्रॅक्टर आत शिरायचाच नाही. काकांचे गुडघे तर कामातून गेलेले. माझ्यावर बसले की मात्र त्यांचा रुबाब बघावा!

“हा चालतोय तोवर बाग माझी,” ते काकूंना सांगत. “हा थांबला की मुलाकडे जाऊन खुर्चीत बसायचं, दुसरं काय!”

“मग बसा त्याच्यावरच,” काकू म्हणत. “ताटही तिथेच आणून देते.”

काकांचा माझ्यावर फार जीव. दर हिवाळ्यात ते मला स्वतःच्या हाताने रंगवत. आधीचा रंग खरवडायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे थरावर थर चढत गेला. मी नव्यासारखा दिसायचो आणि खुशाल मिरवायचो. त्या रंगाखाली माझा नंबर पार बुजून गेला.

मग माझा एक गिअर झिजला. मेकॅनिक आला, बॉनेटवरचा नंबर वाचला आणि त्या नंबरचा गिअर मागवला. तो काही केल्या बसेना.

“जुना माल आहे काका, थोडं उन्नीस-बीस असायचंच,” तो म्हणाला. “घासून बसवू का?”

“बसव बाबा. कसंही कर, पण चालू कर.”

तिथेच घात झाला. घासलेला गिअर बसला, मी सुरू झालो, काकांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. पहिल्याच ओळीच्या टोकाला माझ्या पोटात काहीतरी कडाडलं. गिअरचे दात तुटले आणि गिअरबॉक्सला उभी चीर गेली. माझं सगळं तेल मातीत जिरलं. मेकॅनिकने हात टेकले.

त्यानंतरही काका रोज येऊन माझ्या सीटवर बसत आणि स्टिअरिंग पुसून उठून जात. अखेर बाग दुसऱ्याला दिली, सामान बांधलं.

आज भंगारवाला आला. चाकं काढताना त्याने हातोडा मारला, तशी रंगाची जाड खपली गळून पडली आणि माझा नंबर उघडा पडला. काकांनी मेकॅनिकला फोन लावून तो वाचून दाखवला.

“अहो काका, ह्या नंबरचा गिअर तर माझ्या दुकानात पडून आहे! पण आता काय उपयोग? गिअरबॉक्सच फुटलाय.”

काकांनी गळून पडलेली खपली उचलली. “मीच रंगवलं गं,” ते काकूंना म्हणाले. “माझ्याच हाताने.” काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला खुशाल जपा, पुसा, रंगवा. पण बॉनेटवरच्या नावावर जाऊ नका. आधी वाका, चिखल खरवडा, त्याचा खरा नंबर शोधा आणि तेवढी जागा उघडी ठेवा. मला आता त्याचा उपयोग नाही, तुमच्या यंत्राला होईल.

काकांना मात्र हे कोणी सांगू नका. त्यांना आजच कळलंय.