मावशीने अडवलेली शर्यत

तिला मैदानावर सगळे टिटवी म्हणत. पाय लांबलचक, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. मावशीच तिची प्रशिक्षक. नातं फाटकाबाहेर ठेवून आत यायचं, हा मावशीचा दंडक. निवड शर्यतीच्या दिवशी टिटवी गप्प गप्प दिसली, तेव्हा मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

"पाय कसाय?"

"ठणठणीत."

"डाव्या पायावर उडी मार बघू."

टिटवीने मारली. चेहरा हलला नाही, पण ओठ आत ओढले गेले. मावशी काही बोलणार, तोच टिटवीची आई पुढे झाली. "वर्षभर राबलीय पोर. ऐन वेळी खुसपट काढू नकोस."

ताईपुढे, थोरल्या बहिणीपुढे, मावशीने माघार घेतली.

शर्यत सुरू झाली. निम्मं अंतर टिटवी दुसऱ्या नंबरावर चिकटून होती. वळणावर कठड्याला रेलून मावशी तिची पावलं ऐकत होती. हळूहळू डावं पाऊल अडखळत, हलकं पडायला लागलं. पुढच्या फेरीत खांदा कलला. त्यापुढच्या फेरीत टिटवीने चक्क आघाडी घेतली आणि एकच गलका झाला.

"बघितलंस?" ताई ओरडली. "उगाच जीव खात होतीस!"

दुखणं असह्य झालं की बाकीचे मंदावतात. ही मात्र लवकर सुटायला म्हणून वेग वाढवते, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. आत जाऊन हात लावला की पोरगी बाद. नाही लावला तर निवड जवळजवळ खिशात. आणि पाय?

"थांब गं!" ती ओरडली. टिटवीने ऐकून न ऐकल्यासारखी मान फिरवली.

मावशी कठड्याखालून वाकली. ताईने तिचा दंड पकडला. "खबरदार! आयुष्यभर तोंड बघणार नाही तुझं."

"नको बघूस. सोड."

हात फैलावून ती धावपट्टीवर उभी राहिली. टिटवी येऊन तिच्यावर आदळली. "जिंकतेय मी! सोड ना!" म्हणत तिने मावशीच्या छातीवर गुद्दे मारले. मग पुन्हा पळायला डावा पाय टेकला आणि किंचाळून खाली बसली.

दवाखान्यात कळलं, नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती.

"आणखी पळाली असती तर?" ताईने डॉक्टरांना विचारलं.

"मोडलं असतं कदाचित. कदाचित नसतंही."

ताईने तेवढंच 'नसतंही' धरून ठेवलं. बोलणं बंद, येणंजाणं बंद. प्लास्टर निघाल्यावर टिटवी दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेली. मावशी बाकीच्या मुलींना पळवत राहिली. पण कुणी वेग वाढवला की ती आधी कान देऊन तिची पावलं ऐकायची.

एका दुपारी दार वाजलं. टिटवी उभी होती. चेहरा फुगलेला.

"पोटरी ओढतेय. सर म्हणतात, रेट. तू बघ."

"आईला माहितीय?"

"नाही. आणि मी अजून रागावलेय."

"बरं. रागाव. आधी बस."

मावशीने पोटरी हळूहळू चाचपली. एका जागी टिटवीने श्वास ओढला.

"हा आठवडा पळायचं नाही."

"वाटलंच होतं मला," टिटवी फणकारली. पण उठली नाही.