पलटणीच्या पाठीमागची चकती

मी खरादी. जव्हारच्या बाजारात लाकूड कातायची माझी खराद आहे. पलंगाचे खूर, लाटणी, भोवरे, जे मागाल ते करून देतो. पण शिपाई करायला मला मेजर खोपकरांनी लावलं, आणि त्या दिवसाला मी आजही शिव्या घालतो. गोडगोड बोलणं आपल्याला जमत नाही. शरीफचं तोंड वाईट आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

मेजर एकाहत्तरच्या लढाईनंतर रिटायर होऊन इथं हवेला आले. हॉलमध्ये भलंमोठं टेबल मांडलं. त्यावर रेती, हिरवा रंगवलेला भुसा, आरशाच्या काचेचा कालवा. दर रविवारी नाशिकचे दोन दोस्त गाडी घेऊन यायचे आणि तिघं मिळून जुन्या लढाया खेळायचे. जास्त करून मेजरांची स्वतःची, शेवटची. शिपाई माझे. कुड्याच्या लाकडाचे, बोटाएवढे, चौघे चौघे एका पट्टीवर चिकटवलेले. एक पट्टी म्हणजे एक तुकडी.

आता तुकडीवर गोळीबार झाला, माणसं पडली, तर ते नुकसान दाखवायचं कसं? ह्यावर त्या तिघांनी माझं डोकं खाल्लं. आधी शिपाई सुटे होते, पडलेला पट्टीवरून उचलायचे. पण मग संध्याकाळपर्यंत टेबल ओकंबोकं व्हायचं आणि मेजरांचं तोंड उतरायचं. मग म्हणाले, कापसाचा धूर चिकटवू. तो पंख्यानं उडाला. मग लाल मणी ठेवले, ते रेतीत हरवायचे आणि नाशिकवाले गुडघ्यांवर बसून शोधायचे. शिपाई आडवे पाडून पाहिले, तर रंग उडाला आणि ते काम पुन्हा माझ्याच बोडक्यावर. शेवटी मेजरांनी तोड काढली. पट्टीच्या पोटाखाली आकडे रंगवलेली लाकडी चकती बसवायची, नुकसान झालं की फिरवायची, आणि आकडा दिसायला मागच्या बाजूनं एक खाच. समोरून बघणाऱ्याला तुकडी अख्खी. नुकसान फक्त पाठीमागून, खेळणाऱ्यालाच दिसणार.

"शरीफ, कमाल केलीस!" मेजर म्हणाले. मीपण छाती फुगवून घरी आलो.

मला कुड्याचं लाकूड आणून द्यायचा तो जामसरचा ढवळू. त्याचा एकुलता एक मुलगा फागू ह्याच मेजरांच्या हाताखाली लढाईत होता. लढाई संपल्यावर घरी तार आली, बेपत्ता. पुढे तिकडे पकडलेले आपले कैदी सुटून आले, त्यात फागू नाही. ढवळू मेजरांकडे जाऊन आला तर ते म्हणाले, तपास चालू आहे, धीर धरा. दोन दिवाळ्या त्या धीरावर गेल्या.

इकडे घरात फागूची बायको बाळी. तरणीताठी पोर, ना सवाष्ण ना विधवा. दाभोशाचा सोम्या तिला करायला तयार होता. चांगला माणूस, कष्टाळू. त्यांच्या वाडीवर बाईनं दुसरं घर करायला कुणाची ना नसते, पण आधी मेलेल्याच्या नावाचा लाकडी खांब बसवावा लागतो. वर चांद-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला. खांब बसला की मेलेला घरच्या देवांत गेला आणि बायको मोकळी झाली. पण फागूची आई हिरी खांबाला हात लावू देईना. "जित्या पोराचा खांब बसवला तर मीच त्याला मारला," म्हणायची. तिला एकच शब्द हवा होता. आहे, नाहीतर गेला.

"शरीफभाई, तू सायबाच्या घरात जातोस, आमाला ने," ढवळू म्हणाला. मी म्हटलं, चला, त्यात काय! आणि एका रविवारी ढवळू, हिरी आणि बाळी, तिघांना घेऊन गेलो.

खेळ मांडलेलाच होता. मेजर जरा गडबडले, पण बसा म्हणाले. कुणी बसलं नाही. हिरी टेबलाकडे बघत राहिली. शिपाई, टोप्या, बंदुका. मग हळूच म्हणाली, "सायब, माझा फागू हाय का ह्यात?"

एवढा सोपा सवाल आलेला बघून मेजरांना बरंच वाटलं. छडीनं एक पट्टी दाखवली. "ही त्याची तुकडी. हा पुढचा, हा तुमचा फागू समजा. बघा कसा ताठ उभा आहे!"

हिरीनं त्या शिपायाच्या डोक्याला बोट लावलं आणि अशी किंकाळी फोडली की बाहेर अंगणातली कोंबडी पळाली.

"मेला! माझा पोऱ्या मेला! तुला ठावं होतं रे, तुला ठावं होतं!"

"अहो बाई, कोण म्हणालं मेला?" मेजर घाबरले. "बेपत्ता आहे तो. हा नुसता खेळ आहे."

ढवळू पुढे झाला. "सायब, आमच्यात जित्या माणसाची मूर्त कोरत नाय. मेल्यावरच कोरतात. तू कोरून घेतलीस."

हिरी माझ्याकडे वळली. "शरीफभाई, कवा कोरलास? माझ्याच नवऱ्यानं आणलेल्या लाकडाचा कोरलास, आन् तूबी नाय सांगितलं?"

या अल्ला, काय सांगणार मी त्या माउलीला! "मावशी, मी शिपाई कोरले गं, फागू नाही कोरला," एवढंच तोंडातून निघालं. तेवढ्यात एक नाशिकवाला हसला. "कमाल आहे, लाकडाची बाहुली बघून रडतात." माझं टाळकंच सटकलं. त्याला काय बोललो ते इथं सांगत नाही. पण त्या सणकीत मी ती पट्टी उचलून उलटी केली, आणि बऱ्याच दिवसांपासून मनात खुपत होतं ते विचारलं.

"मेजरसाहेब, खेळ आत्ता सुरू व्हायचाय. बाकी बहुतेक पट्ट्या शून्यावर आहेत. मग हिची चकती दर रविवारी एकावर का असते?"

मेजर छडीशी चाळा करत बसले.

"खेळ लढाईच्या सकाळपासून सुरू होतो," शेवटी ते म्हणाले. "तो आदल्या रात्रीच..."

"रातीच काय?" ढवळूनं विचारलं.

"पोटात गोळी लागली होती. आम्हाला मागे हटायचा हुकूम होता. उचलून आणता आलं नाही."

"जिता होता?"

"होता. पण तशा जखमेतून कुणी वाचत नाही."

"मंग मेला असं का नाय लिवलंस?"

मेजर भिंतीकडे बघत म्हणाले, "मेलेला पाहिला नव्हता मी. आणि जिवंत माणूस मागे सोडून आलो, असं कोण स्वतःच्या हातानं लिहून देतं?"

म्हणजे बघा. खेळात ह्यानं फागू पहिल्या दिवसापासून गेलेला धरला होता. हिशेब चोख! खोटेपणा फक्त आईबापाशी आणि बायकोशी.

बाळी तोवर दाराशीच उभी होती. ती पुढे आली. रडत नव्हती. "सोम्यानं शिमग्याला दुसरी केली," ती म्हणाली. "किती वाट बघंल तो? माझा नवरा गेला, तो तू दडवलास. दुसरा व्हता, तोबी तुझ्यापायी गेला. आता मी कुणाची बायको, सांग की सायब."

मेजरांनी पाणी मागवलं. तिनं ते घेतलं नाही. तिनं पट्टीवरचा पुढचा शिपाई दोन बोटांत धरला, कडकन मोडून घेतला आणि हिरीच्या पदरात घातला. तिघं तसेच निघाले. पुढच्या आठवड्यात जामसरला खांब बसला. मी गेलो होतो. हिरीनं मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. बाळी माहेरी गेली ती अजून तिथंच आहे, लोकांच्या शेतात राबते.

त्यानंतर एका दुपारी मेजर माझ्या दुकानात येऊन बसले. हातात तीच पट्टी. तीन उभे, चौथ्याचे नुसते पाय. "एक नवा करून दे शरीफ, फार वाईट दिसतं."

माझा हात खरादीवरच होता. मी म्हटलं, "करतो की. पण आता कुणाच्या नावाचा करू ते सांगा."

मी टोचायला बोललो होतो हो. उत्तर मागितलंच नव्हतं. पण त्या माणसाचा चेहरा पडला आणि तो खालच्या आवाजात म्हणाला, "विठोबा पाचर्णे." मग आणखी एक, "लक्ष्मण दुधाळ."

"हे कोण?"

"त्याच रात्रीचे. दुसऱ्या दोन पट्ट्यांवरचे."

"त्यांच्याही घरी बेपत्ताचीच तार?"

मेजरांनी हो म्हणून मान हलवली. मी खराद थांबवली. म्हटलं, "उठा. आधी त्या दोन्ही घरी जाऊन सांगून या. तोवर माझ्याकडून एक काडी मिळणार नाही." ते उठले, जातो म्हणाले. मला वाटलं, जातील.

गेले नाहीत. महिन्याभरात मुंबईहून शिशाचे तयार शिपाई आले, रंगीत, चकचकीत. रविवार पुन्हा सुरू झाले. मी दारात जाऊन ओरडलो, ती दोन गावं तरी सांगा, मी जातो. गड्याकरवी मला फाटकाबाहेर काढलं. आता मला दोन नावं ठाऊक आहेत. कुणी फौजी भेटला की विचारतो, पाचर्णे कुठले, दुधाळ कुठले. अजून कुणाला सांगता आलेलं नाही. गावं फक्त मेजरांना ठाऊक आहेत, आणि ते खेळताहेत.